परदेशातली शाळा पाहायला जाताना: एक वर्ग, एक फळा

पहिल्यांदा परदेशी शाळा पाहायला गेले तेव्हा चार दिवसांत नऊ शाळा पाहिल्या. परतले ती भिंतींवरच्या तक्त्यांचे आणि ग्रंथालयांचे शेकडो फोटो घेऊन. सोमवारी माझ्या वर्गात काय बदलायचं, हे त्यांत कुठेच नव्हतं. दुसऱ्या खेपेला जपानला गेले. पाच दिवस एकाच प्राथमिक शाळेत, त्यातही बहुतेक वेळ पाचवीच्या एकाच वर्गात बसले. मी जे काही शिकले ते या दुसऱ्या खेपेत. म्हणून सगळ्यात आधी हे करा: शाळांची यादी छाटा. यजमान आपुलकीनं रोज नवी शाळा दाखवायला निघतात, तेव्हा पहिल्याच पत्रात स्पष्ट लिहा की एकाच शिक्षकाचे सलग तास पाहायचे आहेत.

निघण्यापूर्वी आपल्याच वर्गातला, आपल्याला छळणारा एक प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा. 'त्यांची शिक्षणपद्धती कशी आहे?' हा प्रश्न नको, त्याला काहीही उत्तर चालतं. माझा प्रश्न असा होता: मुलं क्षेत्रफळाचं सूत्र धडाधड म्हणतात, मग आकृती जरा तिरकी झाली की कुठलेही दोन आकडे का गुणतात? या प्रश्नामुळे काय पाहायचं नाही तेही ठरून गेलं.

आता तो तास सांगते. जपानमध्ये प्राथमिकचा तास ४५ मिनिटांचा असतो. सरांनी चौकटीच्या कागदावर समांतरभुज चौकोन दिला: पाया ६ सेंटीमीटर, तिरकी बाजू ५, उंची ४. सूत्र सांगितलं नाही. मुलं कामाला लागली आणि सर हातात बसण्याच्या जागांचा नकाशा घेऊन बाकांमधून फिरू लागले. या फिरण्याला तिथे 'किकान-शिदो' असं नाव आहे. मला ती देखरेख वाटली होती. प्रत्यक्षात कुणी काय विचार केला आहे आणि कुणाला कोणत्या क्रमानं फळ्याकडे बोलवायचं, हे ते टिपत होते.

पहिलं बोलावणं आलं ते ६ × ५ = ३० लिहिणाऱ्या मुलाला. सरांनी उत्तर चूक म्हटलं नाही, बरोबरही म्हटलं नाही. बाकीच्यांना विचारलं, "याला असं का वाटलं असेल?" एक मुलगी म्हणाली, आयतात आपण शेजारच्या दोन बाजू गुणतो, म्हणून. दुसरीनं एका टोकाचा त्रिकोण कापून दुसऱ्या टोकाला जोडला; आयत झाला, ६ × ४ = २४. मग एकानं पुठ्ठ्याच्या चार पट्ट्यांची चौकट आणली आणि दाबत दाबत जवळजवळ चपटी केली. बाजू ६ आणि ५ च राहिल्या, आतली जागा मात्र संपत आली. ३० वाला मुलगा स्वतःच म्हणाला, "म्हणजे तिरकी बाजू गुणून चालणार नाही." अशा चर्चेला ते 'नेरिआगे' म्हणतात; त्यात मळण्याचा अर्थ आहे, आणि वर्गात खरोखरच एक कल्पना सगळ्यांच्या हातून मळली जात होती.

तास संपला तेव्हा फळा डावीकडून उजवीकडे भरलेला होता: आधी प्रश्न, मग ३०, मग २४ कडे जाणाऱ्या वाटा, शेवटी मुलांच्या शब्दांतला निष्कर्ष. काहीही पुसलेलं नव्हतं. अशा फळ्याच्या आखणीला 'बान्शो' म्हणतात आणि शिक्षक ती कला म्हणून शिकतात. चुकीचं उत्तर फळ्यावर आलं की माझा हात वर्षानुवर्षं आपोआप डस्टरकडे जात आला होता. मुलं जिथे अडकतात ती जागा मी रोज स्वतः पुसत होते.

हे सगळं दिसलं ते कुठे बसले त्यामुळे. मागच्या बाकावरून फक्त शिक्षक दिसतात. परवानगी घेऊन बाजूला, वर्गाच्या पुढच्या एक-तृतीयांश भागात उभ्या राहा. तिथून चेहरे आणि वह्या दोन्ही दिसतात. दोनच मुलं निवडा आणि दर पाच मिनिटांनी त्यांची पेन्सिल काय करते आहे ते लिहा. पानाचे दोन भाग करा, डावीकडे घडलं ते, उजवीकडे तुम्हाला वाटलं ते. फळा जसा भरत जाईल तसा उतरवा, शेजारी वेळ टाका. मुलांचे फोटो न विचारता काढू नका. भाषा येत नसेल तर दुभाष्याला विनवा की शिक्षकांपेक्षा मुलांची वाक्यं सांगा.

तास झाल्यावर टाचण, म्हणजे शिक्षकानं आधी लिहिलेला पाठाचा आराखडा, मागा. हे विसरू नका, कारण खरं काम तिथे असतं. त्या टाचणात 'मुलांकडून येऊ शकणारी उत्तरं' असा रकाना होता, आणि ३० त्यात आधीच लिहिलेलं होतं. असं टाचण एकट्याचं नसतं. 'जुग्यो केन्क्यु' या रीतीत शिक्षक मिळून पाठ रचतात, एक जण शिकवतो, बाकीचे पाहतात आणि नंतर चर्चा करतात. त्या बैठकीला बसता आलं तर जरूर बसा. मी ऐकलेली चर्चा जवळजवळ सगळी मुलांच्या वह्यांवर होती.

याची किंमतही विचारा. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या २०१८ च्या शिक्षक-सर्वेक्षणात जपानच्या कनिष्ठ माध्यमिक शिक्षकांचा कामाचा आठवडा ५६ तासांचा निघाला. सहभागी देशांची सरासरी सुमारे ३८ होती. ते पाठ जिथून येतात तिथलीच ही दमणूक आहे, ती नोंदवहीतून गाळू नका.

आणि निकाल पाहून देश निवडत असाल तर थोडं थांबा. पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे पहिले निकाल डिसेंबर २००१ मध्ये आले आणि फिनलंडकडे शिक्षकांची रीघ लागली. पण चाचणी दिलेली तिथली मुलं ज्या व्यवस्थेत वाढली तिचा पाया १९७२ ते १९७७ मधल्या शालेय सुधारणेत आणि नंतर शिक्षकांना सक्तीच्या केलेल्या पदव्युत्तर पदवीत होता. फिनलंडचे गणितातले गुण २००३ मध्ये ५४४ होते, २०२२ मध्ये ४८४. आज वर्गात दिसतं त्यानं कालचे गुण आले असं धरून चालू नका. यजमानांना विचारा: हे केव्हापासून करता, आणि काय सोडून दिलंत?

परतल्यावर एकच गोष्ट उचला आणि महिनाभर करा. मी फळा न पुसण्याचं ठरवलं. पहिले आठ दिवस अर्ध्या तासातच जागा संपायची, कारण मी फार लिहीत होते. मग आदल्या रात्री फळा कागदावर आखायला लागले, उजवा कोपरा मुलांच्या वाक्यांसाठी मोकळा ठेवून. तिसऱ्या आठवड्यात एका मुलीनं वहीतली चूक खोडली नाही, तिच्याभोवती चौकट काढली.

महिन्यानं यजमान शिक्षकांना पत्र लिहा, जमलं नाही तेही लिहा. मी माझ्या फळ्याचा फोटो पाठवला. उलट उत्तरात कौतुक एका ओळीचं होतं आणि पुढे प्रश्न: त्रिकोणाच्या पाठाला हीच मुलं कोणत्या बाजू गुणतात, ते पाहिलं का? मी पाहिलं नव्हतं. त्या पाठाच्या टाचणात आता तो रकाना आहे.