वर्ग कसा सांभाळायचा? नवीन शिक्षकांसाठी थोडं कामाचं

जूनमध्ये शाळा उघडली की नवीन सर-मॅडमचा पहिला प्रश्न ठरलेला, पोरं गप्प कशी बसवायची? पण पोरं गप्प बसली म्हणजे शिकली असं काही नसतं, अन् गोंधळ बहुतेक वेळा होतो तो आता नेमकं काय करायचंय हेच पोरांना कळलेलं नसतं म्हणून. त्यामुळे सुरुवात तिथूनच करा.

आधी सवयी, मग धडा

पहिला आठवडा पुस्तक संपवायची घाई करू नका. चपला कुठे काढायच्या, पाणी प्यायला कधी जायचं, काम लवकर झालं तर काय करायचं, हे नुसतं सांगून होत नाही, करून घ्यावं लागतं. वह्या गोळा करायचंच बघा ना, "वह्या आणा रे" म्हटलं की सगळा वर्ग टेबलावर तुटून पडतो, ढकलाढकली होते, कोणाचं तरी कव्हर फाटतं, कोणी रडतं अन् पाच-दहा मिनिटं गेलीच. त्यापेक्षा मागच्या पोराने आजचं पान उघडून वही पुढच्याला द्यायची, त्याने आपली तशीच उघडी वही त्यावर ठेवून पुढे सरकवायची, पहिल्या बाकावर गठ्ठा तयार होतो अन् तो एकानेच आणायचा. दोन-तीन दिवस याची नुसती प्रॅक्टिस घ्या, पोरांना ते खेळासारखं वाटतं, पुढे वर्षभर हे काम मिनिटभरात होतं.

नियम चार-पाचच ठेवा, पोरांना विचारून ठरवा अन् "हे करू नका"पेक्षा "हे करायचं" असे लिहा.

कोणी दंगा करत असेल तर

छडीचा विषयच नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने मारणं अन् मानसिक त्रास देणं दोन्हीला बंदी आहे. आवाज चढवूनही फार काही हाती लागत नाही. जेकब कौनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गांचं शूटिंग करून अभ्यास केला होता, १९७० मध्ये तो पुस्तकरूपात आला, त्यात दिसलं की चांगला चाललेला वर्ग अन् बिघडलेला वर्ग यात शिक्षक रागावतात कसे याने फारसा फरक पडत नव्हता, फरक होता तो गडबड होण्याआधी त्यांचं लक्ष कुठे असतं यात. म्हणून फळ्याला चिकटून राहू नका, फिरत राहा. दोघं कुजबुजताहेत? शिकवणं न थांबवता त्यांच्याजवळ जाऊन उभं राहा, वहीवर बोट ठेवा, बस्स. तरी नाही ऐकलं तर सुट्टीत एकट्याला बोलवा, बाकीच्यांसमोर टाकून बोलू नका.

प्रश्न विचारला की थांबा

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एकच सेकंद थांबतात, तेच तीन सेकंद थांबलं तर उत्तरं मोठी अन् विचार केलेली येतात. आपल्याकडे खानदेशात तर हे जास्तच लागू आहे. धुळ्याकडे घरात अहिराणी, रावेर-यावलला लेवा बोली, शिरपूर-धडगावला पावरी, नवापूरला मावची, अन् पुस्तक मात्र प्रमाण मराठीत. ते पोरगं मनात दोनदा बोलतं तेव्हा एकदा तोंडाने बोलतं. "सर, माले समजनं नही" असं कोणी म्हटलं तर आधी "नीट बोल" म्हणून टोकू नका, काय समजलं नाही ते विचारा. पोराने धीर करून तोंड उघडलंय, ते परत मिटू देऊ नका. उत्तर त्याच्या बोलीत आलं तरी घ्या, फळ्यावर दोन्ही लिहा, मराठी येईल हळूहळू.

बसायची जागा

दर पंधरा दिवसांनी बदला. ज्यांना डोळ्यांनी कमी दिसतं ती पोरं पुढे, दंगेखोर पोराला कायमचं मागे टाकू नका.

हंगामाचं गणित धरा

दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी सुरू झाली की पटावरची पोरं वर्गात दिसत नाहीत, कोणी शेतात असतं, कोणी घरी लहान भावंडाला सांभाळतं, काही कुटुंबं ऊसतोडीला जातात. म्हणून प्रत्येकाला आधीच एक अभ्यास-जोडीदार द्या, तो राहिलेल्या कामाची यादी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवेल. पोरगं परत आल्यावर "इतके दिवस कुठे होतास?" असं सगळ्यांदेखत विचारू नका, त्या दिवशी त्याला जमेल असं काहीतरी काम द्या. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा असली तरी शेवटच्या तासाला उकाड्याने पोरं मलूल होतात, तेव्हा गणित-वाचन पहिल्या दोन तासांत उरकून घ्या अन् शेवटी चित्र, गोष्ट, गटातलं काम ठेवा.

पालकांशी बोलताना

तक्रार घेऊन पहिला फोन करू नका. बाजाराच्या दिवशी आई-बाप भेटले तर पोराची एक चांगली गोष्ट सांगा, "दादा, तुमची पोरगी आता जोडाक्षरं वाचते." पुढे कधी गैरहजेरीबद्दल बोलायची वेळ आली तर हेच आई-बाप तुमचं ऐकून घेतात.