हायडेलबर्गला उन्हाळी कोर्स करताय? आधी शनिवारची खरेदी शिका

जर्मन शिकायला मी चार आठवडे हायडेलबर्गला होते. आईने बॅगेत भडंग आणि मेतकूट कोंबलं होतं. भडंग आठवड्यात संपलं, मेतकूट-भाताने महिना काढला. जागा असेल तर मेतकूटच जास्त न्या.

९० दिवसांपर्यंतच्या कोर्सला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांना चालणारा कमी मुदतीचा व्हिसा) पुरतो; अपॉइंटमेंट लवकर घ्या.

रविवारी तिथली जवळजवळ सगळी दुकानं बंद असतात. मला कुणी सांगितलं नव्हतं, पहिल्या रविवारी दोन्ही वेळा खाकरा खाल्ला! दूध, ब्रेड, तांदूळ शनिवारीच आणा. पाणी नळाचं प्या. प्लास्टिकची बाटली घेतलीच तर फेकू नका, सुपरमार्केटातल्या यंत्रात टाकली की अनामतीचे २५ सेंट परत मिळतात.

फिरायला 'डॉइचलांड-टिकेट' हा महिन्याचा पास घ्या. देशभरातल्या लोकल गाड्या, ट्राम, बस त्यावर चालतात, पण आयसीई ही लांब पल्ल्याची वेगवान गाडी नाही. ते दरमहा आपोआप पुढे चालू राहतं. महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करा. मी विसरले आणि घरी परतल्यावरही एका महिन्याचे पैसे भरले.

जुलैत साडेनऊपर्यंत उजेड असतो. म्हणून गृहपाठ दुपारीच उरका आणि सातला जुना पूल ओलांडून श्लांगेनवेगच्या पायऱ्यांनी फिलोसोफेनवेग या डोंगरउतारावरच्या पायवाटेवर चढा. दम लागतो, पण सिंहगड चढलेल्यांनी तक्रार करू नये. समोर नेकार नदी आणि तांबड्या दगडाचा किल्ला. विद्यापीठ १३८६ सालचं. त्याचा जुना विद्यार्थी-तुरुंग मात्र चुकवू नका, भिंतीभर पोरांनी काढलेली चित्रं आहेत.