रोबोटच्या वायरिंगमध्ये क्विक-डिस्कनेक्ट कनेक्टर वापरताना या चुका टाळा

आमचा एक रोबोट फक्त डावीकडे वळतानाच बंद पडायचा आणि क्षणात पुन्हा सुरू व्हायचा. दोन संध्याकाळी कोड चाळण्यात गेल्या. शेवटी एकेक जोड तपासायला घेतला तेव्हा कंट्रोलरच्या सप्लायमधलं एक स्पेड टर्मिनल (वायरच्या टोकाला बसवायचं, खोचून लावायचं चपटं धातूचं टोक) सापडलं. बाहेरून अगदी नीट, पण आत तांब्याऐवजी वायरचं इन्सुलेशनच दाबलं गेलं होतं. दोन-चार तारा कशाबशा टेकलेल्या, वळताना वायर ताणली की त्याही सुटायच्या.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे: गडबड कनेक्टरमध्ये कमी, क्रिम्पमध्ये, म्हणजे टर्मिनल वायरवर दाबून बसवण्यात, जास्त असते. साध्या पक्कडीने चेपलेलं टर्मिनल चपटं होतं, घट्ट होत नाही. रॅचेटचं क्रिम्पिंग टूल पूर्ण दाब बसल्याशिवाय उघडत नाही, म्हणून तेच घ्या. इन्सुलेटेड टर्मिनलचा रंग वायरची जाडी सांगतो: लाल ०.५ ते १.५, निळा १.५ ते २.५ आणि पिवळा ४ ते ६ चौरस मिलिमीटर. हाताशी होतं म्हणून बारीक वायरला निळं टर्मिनल लावलं, की लूज कॉन्टॅक्ट ठरलेलाच.

क्रिम्प करायच्या वायरच्या टोकाला आधी सोल्डर लावण्याची सवय अनेकांना असते. ती सोडा. सोल्डर मऊ असतं, सततच्या दाबाखाली हळूहळू पसरतं आणि आज घट्ट असलेला जोड पुढे सैल पडतो. प्रत्येक क्रिम्प झाल्यावर वायर जोरात ओढून बघा. निसटायचीच असेल तर टेबलावर निसटू दे.

बॅटरीच्या बाजूला उघड्या पिना कधीही ठेवू नका. सुटी बॅटरी चासिसला टेकली तरी शॉर्ट होऊ शकते. बॅटरीला झाकलेली सॉकेटची बाजू, रोबोटला पिनांची. एक्सटी६० हा बॅटरीचा कनेक्टर सोल्डर करताना त्याची दुसरी बाजू खोचून ठेवा, म्हणजे प्लास्टिक तापून मऊ झालं तरी पिना सरकत नाहीत. अँडरसन पॉवरपोल या पॉवरच्या कनेक्टरमध्ये वेगळा धोका आहे: १५, ३० आणि ४५ अँपिअरचे कॉन्टॅक्ट एकाच आकाराच्या हाउसिंगमध्ये (प्लास्टिकच्या कवचात) बसतात, त्यामुळे आत कोणता आहे ते बाहेरून कळत नाही. लाल-काळ्या हाउसिंगची मांडणीही सगळ्या टीमने एकच ठरवावी, नाहीतर दोघांनी बनवलेल्या केबल एकमेकींत बसणारच नाहीत.

सिग्नलच्या वायरींना ड्यूपाँट कनेक्टर (जंपर वायरींना असतात ते) ब्रेडबोर्डवर ठीक आहेत. त्यांना लॉक नसतं, धावत्या रोबोटवर ते हादऱ्याने निघतात. तिथे लॅच (अडकून बसणारी खिट्टी) असलेला, मायक्रो-फिटसारखा कनेक्टर हवा. दोन एन्कोडरना (चाक किती फिरलं ते मोजणाऱ्या सेन्सरना) एकसारखे कनेक्टर असतील तर कधीतरी त्यांची अदलाबदल होणारच, आणि रोबोट सरळ जायचं सोडून भलतीकडे पळेल. शक्य तिथे पिनांची संख्या वेगळी ठेवा, आणि लेबल दोन्ही अर्ध्यांवर लावा. एकाच बाजूला लावलेलं लेबल कनेक्टर उघडल्यावर निम्मंच उपयोगी पडतं. हलणाऱ्या सांध्यापाशी वायर थोडी सैल ठेवून केबल टायने बांधा, म्हणजे ताण क्रिम्पवर येणार नाही.

आता बिघाड शोधायचा कसा? मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीच्या (जोड अखंड आहे का ते सांगणाऱ्या) बीपवर भरवसा ठेवू नका. मल्टिमीटर तिथे अगदी थोडा करंट सोडतो, एका तारेवर टेकलेला जोडही बीप देतो. मोटर लोडवर असताना मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक प्रोब कनेक्टरच्या अलीकडे, दुसरा पलीकडे लावा आणि वायर हलवत राहा. जोडाचा रोध फक्त १० मिलिओहम असला तरी ३० अँपिअरला ०.३ व्होल्ट तिथेच जातात आणि ९ वॅट उष्णता होते. इवल्याशा स्पेडला ते सोसत नाही. प्लास्टिक तपकिरी पडतं.

असा तपकिरी पडलेला कनेक्टर दिसला तर दोन्ही अर्धे बदला. तापलेल्या कॉन्टॅक्टची स्प्रिंग ढिली झालेली असते. एकच बाजू नवी लावली, तर जुनी बाजू थोड्याच दिवसांत तीही जाळते.