शेणकिड्यांवर पीएचडी करायची म्हणता? मग आधी हे वाचा

घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आईने टीव्हीचा आवाज कमी केला आणि म्हणाली, "एमएस्सी करून आता शेण वेचशील काय रे?" बाबांचं दुःख वेगळंच, नागपुरात राहतो तर निदान वाघावर तरी करायचं, लोकांना सांगता येतं. नातेवाईक अजूनही विचारतात, "काय करून राहिला बे आजकाल?" आणि मी प्राण्यांवर रिसर्च म्हणून विषय संपवतो.

वाघाला जिप्सी लागते, परमिशन लागते, नशीब लागतं. किडे घरामागे असतात. सेमिनरी हिल्स, अंबाझरीच्या आसपास नुसतं पहिल्या पावसानंतर फिरा. मिरगाचा लाल मखमली किडा दिसेल, त्याचे पाय मोजा, आठ भरतील, म्हणजे तो कीटक नाहीच, माइट आहे, कोळ्याचा भाऊबंद. माझ्या पहिल्या यादीत तो कीटकांत होता आणि सरांनी लाल पेनने एवढा मोठा गोल केला होता की अजून आठवतो.

आमचं मुख्य हत्यार म्हणजे डिस्पोजल ग्लास. जमिनीत खड्डा करून पुरायचा, आत साबणाचं पाणी, वर काड्यांवर जाळीच्या कापडात ताज्या शेणाची पुरचुंडी टांगायची, झाला ट्रॅप. पण काठ जमिनीला अगदी समतल पाहिजे, थोडा जरी वर राहिला तर किडा वळसा घालून निघून जातो आणि तुम्ही लिहिता की इथे किडे कमी आहेत. डुकरं ट्रॅप उकरतात, रात्री पाऊस आला की ग्लास भरून वाहतो, तेव्हा पाच लावायचे तिथे आठ लावा.

शेण कुठलं, हे तर मला दुसऱ्या वर्षी कळलं. गुराख्याला आधी विचारायचं, "काका, जनावराला जंताचं औषध कधी दिलं?" कारण आयव्हरमेक्टिन दिलं असेल तर ते शेणातून बरेच दिवस बाहेर पडत राहतं आणि त्या शेणात शेणकिड्यांच्या अळ्या जगत नाहीत. माझं पहिल्या वर्षीचं शेण कुठल्या जनावराचं होतं देव जाणे. काकांना वाटलं मी ढोरांचा डॉक्टर आहे, मग एका म्हशीचा पायही बघायला लावला.

फिल्डचे फोटो छान येतात, पण एक दिवस फिल्ड केलं की पुढचे चार दिवस मायक्रोस्कोपवर मान मोडायची. ऑन्थोफॅगस नावाचा वंश आहे, त्यातल्या बऱ्याच जाती बाहेरून जवळपास सारख्या, शेवटी नराचं जननांग काढून बघावं लागतं. याचा कंटाळा येत असेल तर हा विषय घेऊ नका, खरंच.

आणि लेबल. मी एक अख्खा पावसाळा लेबलं बॉलपेनने लिहून ७० टक्के अल्कोहोलच्या नळ्यांत टाकली. दिवाळीनंतर कपाट उघडलं तर शाई विरघळलेली, अल्कोहोल निळसर, कागद कोरे. किडे शाबूत, पण कुठून आणले, कधी आणले काहीच नाही, म्हणजे डेटा शून्य. तेव्हापासून फक्त पेन्सिल, लेबल नळीच्या आत, आणि तेच परत वहीत.

आता पैशाचं. सीएसआयआर नेट ही देशपातळीवरची परीक्षा, त्यात लाइफ सायन्सेस घेऊन जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची फेलोशिप, काढाच, २०२३ पासून महिन्याला ३७ हजार आणि वर घरभाडं आहे. फक्त पैसे वेळेवर येतील असं धरू नका, माझे एकदा सात महिने अडकले होते आणि मी ट्यूशन घेऊन पेट्रोल भागवलं. बीएस्सी ॲग्री केलं असेल तर कृषी कीटकशास्त्राची वाट जास्त सरळ, आपल्याकडेच केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे आणि बोंडअळी काही विदर्भ सोडून जात नाही. जंगलात काम करायचं असेल तर वन विभागाच्या परवानगीचा अर्ज पावसाळ्याच्या कितीतरी आधी टाका, जूनमध्ये धावपळ केली की सीझन गेला म्हणून समजा. आणि आकडेवारीसाठी आर (R) ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिका, एमएस्सीतच.

त्या कोऱ्या लेबलांच्या नळ्या मी फेकल्या नाहीत. नवीन पोरं लॅबमध्ये आली की त्याच देतो, ओळखायची प्रॅक्टिस करा म्हणतो, आणि पेन्सिल देतो सोबत.