मोकळ्या प्लॉटवर सामूहिक भाजीबाग: या चुका टाळा

सोसायटीच्या मागचा प्लॉट वर्षानुवर्षं रिकामा. गाजर गवत माजलेलं, कोपऱ्यात कुणीतरी रात्रीतून आणून टाकलेला फुटका कमोड. एखाद्या रविवारी चहा पिताना कुणीतरी म्हणतं, इथे आपण भाजी का लावू नये? लावावीच. पुण्यात अशा चार बागांत मी राबलो आहे. त्यांतल्या दोन बंद पडल्या, आणि दोन्ही वेळा किडीचा काहीच दोष नव्हता. बाग नक्की कशी लावायची हे सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून इथे फक्त आमच्या आणि इतरांच्या चुका.

मे महिन्यातलं ऊन बघून वाफे आखणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि हिच्याबद्दल कुणी बोलत नाही. बागेचा उत्साह उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो. तेव्हा प्लॉटवर सगळीकडे रखरखीत ऊन, म्हणून वाफे वाटेल तिथे आखले जातात. पुण्यात मेच्या मध्याला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. जूनमध्ये तर तो किंचित उत्तरेकडे झुकतो. त्यामुळे दक्षिणेला उंच इमारत असली तरी दुपारी तिची सावली प्लॉटवर पडत नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो, आणि २० मीटर उंच इमारत तब्बल १८ मीटर लांब सावली टाकते. ऐन मेथी-टोमॅटोच्या हंगामात अर्धी बाग अंधारात.

आमचे टोमॅटो असेच कमरेच्या वर गेले, फूल एक नाही. कुणी म्हणालं खत कमी पडलं, म्हणून आणखी शेणखत घातलं. झाड लांबट, किडकिडीत, दोन पानांमधलं अंतर जास्त असेल तर ती सावलीची तक्रार असते. खोड जाड, पानं गडद हिरवी आणि तरी फूल नाही, असं असेल तर नत्र (नायट्रोजन) जास्त झालंय, खत थांबवा. सावलीच्या पट्ट्यात अळू, पुदिना, हळद लावा. टोमॅटो, वांगी, मिरची उत्तरेच्या टोकाला, इमारतीपासून जितकी लांब जाईल तितकी न्या.

जागा कुणाची, हे तोंडी विचारणं

"मालक ओळखीचे आहेत" हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. आमची पहिली बाग अशाच ओळखीवर उभी होती. दुसऱ्या वर्षी पपया लागल्या आणि एका सकाळी जेसीबी आला. भांडायला कागदच नव्हता. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा, विकास आराखड्यात त्या जागेवर कसलं आरक्षण आहे ते महापालिकेत जाऊन बघा, आणि मग मुदत लिहिलेली परवानगी घ्या. मुदत वर्षाचीच मिळाली तरी चालेल, पण मग पपई-शेवगा लावू नका. ग्रो बॅग आणि प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भाजी करा, म्हणजे उद्या उचलून नेता येईल.

वरची माती बघून समाधान मानणं

शहरातल्या रिकाम्या प्लॉटची वरची वीतभर माती म्हणजे पांघरूण. खाली राडारोडा. दीड फुटाचा खड्डा खणा, त्यात बादलीभर पाणी ओता आणि जेवून या. पाणी तसंच साचलेलं असेल तर खाली चेपलेला थर आहे. विटा, सिमेंट, प्लास्टरचे तुकडे निघाले तर त्यातल्या चुन्यामुळे मातीचा सामू (पीएच) वाढलेला असतो. मग कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोक याला पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी घालतात. जमिनीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही, हे खरं दुखणं. अशा जागी खणत बसू नका. विटांच्या कडा लावून तीन-साडेतीन फूट रुंद, फूट-दीड फूट उंच वाफे जमिनीच्या वर बांधा. सोव्हिएत संघ कोसळल्यावर अन्नटंचाईत सापडलेल्या क्यूबाने हवानामधल्या निकस जागांवर असेच उंच वाफे करून भाजी पिकवली.

वाफे भरायला ट्रकभर 'लाल माती' विकत घेणं ही आणखी एक चूक. तिच्याबरोबर लव्हाळा या चिवट तणाच्या गाठी फुकट येतात आणि त्या जन्मभर पुरतात. त्यापेक्षा रसवंतीवाल्याकडून चिपाडं आणा; तो आनंदाने देतो. मुंबईत डॉ. दोशी यांनी गच्चीवरच्या शेतीत चिपाडांचाच उपयोग केला होता. चिपाडं, सुका पालापाचोळा आणि थोडं शेणखत थरांनी भरा. पाला जानेवारी ते मार्चमध्ये रस्त्यावर पडलेला असतो आणि लोक तो जाळतात, तेव्हाच पोती भरून ठेवा.

जागेवर आधी गॅरेज, भंगाराचं दुकान किंवा बॅटरीचं काम असेल तर तिथल्या जमिनीत काही पेरू नका. नेहमीच्या माती परीक्षणात शिसं, कॅडमियम तपासत नाहीत, ते वेगळं सांगून तपासून घ्यावं लागतं. पालेभाज्या आणि मुळा-गाजरासारखी कंदमुळं या बाबतीत जास्त जोखमीची.

पाण्याचा हिशेब न करणं

एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. एप्रिल-मेमध्ये भाजीला दिवसाला पाच-सहा मिलिमीटर लागतं. म्हणजे १०० चौरस मीटर वाफ्यांना रोज ५००-६०० लिटर. एवढं पाणी सोसायटीच्या टाकीतून गेलं की पुढच्या सभेत बागच अजेंड्यावर येते. उन्हाळ्यात निम्मे वाफे मोकळे सोडा, उरलेल्यांवर चार बोटं जाड पाला अंथरा. नाल्याचं पाणी मात्र कितीही अडचण आली तरी नको. मुंबईत रेल्वे रुळांकडेच्या भाजीला लोक नाकं मुरडत आले ते त्याच पाण्यामुळे. पाणी साठवलेल्या पिंपांची तोंडं कापडाने बांधा, नाहीतर डेंग्यूच्या डासांची पैदास होऊन महापालिकेची नोटीस येईल.

ओला कचरा थेट वाफ्यात

घुशी येतात. एवढं पुरे. पिंपात एक भाग ओल्या कचऱ्याला दोन भाग सुका पाला घाला. वास आला तर पाला कमी पडलाय. पांढुरक्या, जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचरा खाऊन संपवतात.

रविवारच्या गर्दीवर विसंबणं

पहिल्या रविवारी तीस जण येतात, फोटो निघतात. श्रावणात चिखल झाला की सहा उरतात. म्हणून वार वाटून घ्या, एका वाराला दोन घरं. कुणाला किती भाजी मिळणार हे पहिली भेंडी लागायच्या आत ठरवा. मी स्वतः आता घरटी एक वाफा आणि पाणी-खत सामाईक या मताचा आहे. सगळं सामाईक ठेवलं की पहाटे मेथी गायब होते आणि संशय नेहमी वॉचमनवर जातो, हे मला फार लागलं होतं.

आणि फाटकाची किल्ली एकाच घरी ठेवू नका. आमचे किल्लीवाले काका दिवाळीत आठ दिवस कोकणात गेले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दोन काकू आणि नववीतला एक मुलगा भिंतीवरून बादल्या पलीकडे देत कोबीला पाणी घालत होते.