प्रकृतीच्या नोंदींवरून आजाराची चाहूल कशी ओळखावी

थकवा, वाढते वजन, मंदावलेली नाडी, बद्धकोष्ठता आणि उदास मन या पाच गोष्टी पाच वेगवेगळ्या वेळी, पाच वेगवेगळ्या माणसांना सांगितल्या गेल्या, तर त्या पाच किरकोळ तक्रारी वाटतात. त्याच गोष्टी तारखांसह एका पानावर आल्या, तर थायरॉइड ग्रंथी मंदावल्याची शंका डॉक्टरांना लगेच येते आणि एका साध्या रक्तचाचणीने तिचा निकाल लावता येतो. आरोग्याच्या आकड्यांचा उपयोग बहुतेक वेळा असाच होतो. एकट्या आकड्यातून फारसे काही कळत नाही. पण स्वतःच्या नेहमीच्या पातळीपासून झालेला बदल, आणि शरीराच्या व मनाच्या नोंदी एकाच सुमारास हललेल्या दिसणे, यांतून बरेच कळते. अशा नोंदी कशा ठेवाव्यात आणि कशा वाचाव्यात, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

१. आधी प्रश्न लिहा

मनगटावरचे घड्याळ दिवसाला डझनभर आलेख दाखवते आणि ते सगळे पाहणारा माणूस थोड्याच दिवसांत कंटाळतो किंवा घाबरतो. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहावे: ‘घरी माझा रक्तदाब किती असतो?’ किंवा ‘दुपारचा थकवा अपुऱ्या झोपेमुळे येतो का?’ प्रश्न ठरला की तीन-चार नोंदी पुरतात आणि बाकीचे आलेख निर्धास्तपणे सोडून देता येतात.

मात्र काही लक्षणे नोंदवत बसण्याची नसतात. छातीत दाब येणे, अंगाची एक बाजू अचानक लुळी पडणे, बोलणे अडखळणे, श्वास न पुरणे किंवा जीव देण्याचे विचार येणे, यांपैकी काहीही झाले तर वही बाजूला ठेवून त्याच क्षणी मदत घ्यावी.

२. मोजण्याची पद्धत एकदा ठरवा आणि ती बदलू नका

या पायरीवर सर्वाधिक चुका होतात, आणि त्या मागाहून कोणत्याही हिशेबाने दुरुस्त होत नाहीत. रक्तदाबाचेच पाहा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, धूम्रपान आणि व्यायाम टाळावा, लघवी करून यावे, पाठ टेकवून आणि पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. पट्टी उघड्या दंडावर बांधावी, हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला असावा आणि मोजताना बोलू नये. दंडाच्या मानाने पट्टी लहान असेल तर आकडा खोटाच वाढलेला येतो, ही बाब यंत्र घेताना सहसा कोणी सांगत नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोन मोजण्या, सकाळी आणि संध्याकाळी, अशा सलग सात दिवस घ्याव्यात. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यावेत आणि उरलेल्या २४ मोजण्यांची सरासरी काढावी. घरी काढलेली ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक असेल तर अनेक मार्गदर्शक सूचनांनुसार ती वाढलेली समजतात. दवाखान्यातील मोजणीसाठी हीच मर्यादा १४०/९० मानली जाते, आणि काही सूचनांमध्ये या मर्यादा आणखी खाली आहेत.

एवढा खटाटोप करण्याचे कारण असे की काही जणांचा रक्तदाब डॉक्टरांसमोर बसल्यावरच वाढतो, तर काहींचा तिथे नेमका सामान्य येतो आणि घरी चढलेला असतो. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा, कारण तो दवाखान्यात कधी पकडला जात नाही.

नाडी सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी मोजावी. वजन सकाळी शौचानंतर, त्याच काट्यावर करावे आणि रोजच्या चढउताराऐवजी आठवड्याची सरासरी पाहावी. कोणताही प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक उतरले असेल, तर ‘बरेच झाले’ म्हणून समाधान मानण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावे.

३. स्वतःची नेहमीची पातळी ठरू द्या

पहिले दोन ते चार आठवडे फक्त लिहावे, निष्कर्ष काढू नये. प्रौढांची विश्रांतीच्या वेळची नाडी मिनिटाला ६० ते १०० असते असे पुस्तकात सांगितलेले असते, पण ही पट्टी फार रुंद आहे. ज्याची नाडी एरवी ६२ असते आणि आठवडाभर ७६ येते आहे, त्याचे आकडे पट्टीच्या आत असूनही त्याच्या शरीरात काहीतरी बदलले आहे. ज्याची नेहमीच ८८ असते त्याला ९० आल्याने काहीच झालेले नाही.

बदल दिसला तरी त्यावरून एकदम आजाराचे नाव घेऊ नये. तापात शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की नाडी साधारण आठ ते दहा ठोक्यांनी वाढते. शिवाय रक्तक्षय, थायरॉइडचा अतिरेक, शरीरातले पाणी कमी होणे, आदल्या रात्रीचे मद्यपान, काळजी, मासिक पाळीच्या चक्राचा उत्तरार्ध, यांतल्या कशानेही ती वाढू शकते. उलट रक्तदाबासाठी दिली जाणारी काही औषधे ती दाबून ठेवतात. म्हणून आकड्याच्या शेजारी ‘आज वेगळे काय घडले’ यासाठी एक रकाना हवाच. माझ्या मते संपूर्ण वहीतला सर्वांत मोलाचा रकाना तोच.

४. मनाचीही मोजदाद करा, पण मोजपट्टी ओळखून

मनाची नोंद म्हणजे रोजनिशीच हवी असे नाही. रोज ठरावीक वेळी मनःस्थितीला शून्य ते दहा यांपैकी एक गुण द्यावा, झोपण्याची आणि उठण्याची वेळ लिहावी, आणि एखादी ओळ जोडावी. याच्या जोडीला दर दोन आठवड्यांनी एक प्रमाणित प्रश्नावली भरावी. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ ही २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली नऊ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण असतात आणि बेरीज जास्तीत जास्त २७ होते. ५, १०, १५ आणि २० या टप्प्यांवर तीव्रता वाढत गेल्याचे मानतात, आणि १० किंवा अधिक गुण आल्यास तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी असे सुचवले जाते. चिंतेसाठी जीएडी-७ ही २००६ मध्ये आलेली सात प्रश्नांची अशीच प्रश्नावली आहे. दोन्ही प्रश्नावल्या मागच्या दोन आठवड्यांविषयी विचारतात, त्यामुळे त्या रोज भरण्यात अर्थ नाही.

बेरजेवर मात्र विसंबू नये. पीएचक्यू-९ मधले झोप, थकवा, भूक आणि एकाग्रता यांविषयीचे प्रश्न शरीराच्या आजारातही ‘हो’ असे उत्तर मिळवतात. दोन माणसांचे गुण ११ आले आणि एकाचे बहुतेक गुण थकवा, झोप व भूक यांतून, तर दुसऱ्याचे निराशा व अपराधीपणा यांतून आलेले असले, तर दोघांच्या तपासण्यांची सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून व्हायला हवी. म्हणून प्रत्येक उत्तर वेगळे लिहून ठेवावे. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे उत्तर शून्य नसेल तर एकूण बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी विश्वासातल्या माणसाशी आणि डॉक्टरांशी बोलावे.

आणखी एक गोष्ट वहीतून हमखास सुटते. तीन-चार तास झोपूनही थकवा न जाणवणे, विचार वेगाने धावणे, बोलणे आणि खर्च वाढणे हे उन्मादाच्या टप्प्याचे संकेत असू शकतात. पण त्या दिवसांत माणसाला उत्तम वाटत असते, त्यामुळे तक्रार म्हणून तो हे लिहीतच नाही. घरातल्या कोणाला तरी महिन्यातून एकदा आपल्या नोंदी दाखवून ‘तुला काय दिसले?’ असे विचारणे इथे कामी येते.

५. घड्याळ काय मोजते आणि कशाचा अंदाज करते ते समजून घ्या

घड्याळाच्या तळाशी असलेला हिरवा प्रकाश त्वचेखालील रक्ताचे बदलते प्रमाण टिपतो आणि त्यावरून नाडी काढतो. शांत बसलेले असताना हा आकडा बराच विश्वासार्ह असतो. झोपेचे तसे नाही. झोपेचे टप्पे प्रयोगशाळेत मेंदूच्या विद्युतलहरी, डोळ्यांच्या हालचाली आणि स्नायूंचा ताण यांवरून ठरवतात. घड्याळाकडे हालचाल आणि नाडी एवढेच असते. डोळे मिटून, तळमळ न करता जागा पडलेला माणूस त्याला झोपलेलाच वाटतो. झोपण्या-उठण्याच्या वेळा घड्याळाकडून घ्याव्यात, ‘गाढ झोप ४७ मिनिटे’ यासारखा आकडा मनावर घेऊ नये.

सूचना आली म्हणजे निदान झाले असेही नाही. अॅपलच्या घड्याळाविषयी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार लाखांहून अधिक लोक होते. त्यांपैकी सुमारे अर्धा टक्का लोकांना नाडी अनियमित असल्याची सूचना आली, आणि त्यांतल्या ज्यांनी पुढे अनेक दिवस छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती तपासणीसाठी परत पाठवली, त्यांच्यापैकी ३४ टक्के जणांत एट्रियल फिब्रिलेशन हा हृदयाच्या लयीचा दोष दिसला. हा दोष येतो-जातो, त्यामुळे उरलेल्या सर्वांच्या सूचना खोट्याच होत्या असे म्हणता येत नाही; पण सूचनेनंतरची पायरी ईसीजी आहे, औषध नव्हे, एवढे यातून स्पष्ट होते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबद्दलही सावध राहावे: काळ्या त्वचेच्या रुग्णांत तो रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतो, हे २०२० मधल्या एका मोठ्या तुलनेत पुन्हा दिसून आले.

६. सर्व नोंदी एका तारखेखाली आणा

आता खरे वाचन सुरू होते. आडव्या ओळीत तारखा आणि त्यांखाली झोप, नाडी, वजन, मनःस्थिती, पाळी आणि घडामोडी असा तक्ता करावा. औषध सुरू केल्याचा, बदलल्याचा किंवा बंद केल्याचा दिवस ठळक करावा. मग कोणता आकडा आधी हलला ते शोधावे. आधी पहाटे फार लवकर जाग येऊ लागली आणि त्यामागून मनःस्थितीचे गुण घसरले, की त्याच्या उलट आधी मन खचले आणि नंतर झोप गेली, हा क्रम डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतो, आणि तो आठवणीतून सांगता येत नाही, कारण नंतर मागे वळून पाहताना सगळेच दिवस सारखे वाईट वाटतात.

काही जोड्या ध्यानात ठेवाव्यात. वाढलेली चिंता, वेगवान नाडी, हातांची थरथर आणि उतरते वजन एकत्र दिसले तर थायरॉइडचा अतिरेक तपासावा लागतो. पुरेसे तास झोपूनही दिवसा डुलक्या येत असतील, घोरणे मोठे असेल आणि सकाळी डोके दुखत असेल, तर झोपेत श्वास अडण्याचा विकार असू शकतो, आणि त्याचा चिडकेपणा नैराश्यासारखाच भासतो. थकवा आणि मंद झालेली एकाग्रता यांमागे लोहाची किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही असते. उलट दिशेनेही पाहावे: छातीतली धडधड अचानक उसळून काही मिनिटांत ओसरत असेल आणि हृदयाच्या तपासण्या स्वच्छ आल्या असतील, तर ती भीतीच्या झटक्याची असू शकते. तपासण्या मात्र आधी, हा निष्कर्ष नंतर.

७. प्रयोगशाळेचा अहवाल घाईने वाचू नका

अहवालातली ‘सामान्य मर्यादा’ बहुधा निरोगी लोकांपैकी ९५ टक्के लोकांचे आकडे जिथे पडतात त्यावरून ठरवलेली असते. म्हणजे पाच टक्के निरोगी माणसे तिच्या बाहेर असणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा तरी आकडा ठळक छापून येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के निघते.

दुसरा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. हजार माणसांत दहा जणांना एक आजार आहे आणि चाचणी ९० टक्के आजारी व ९० टक्के निरोगी माणसे बरोबर ओळखते, असे धरू. दहा आजाऱ्यांपैकी नऊ जण सापडतील, पण ९९० निरोगी माणसांपैकी ९९ जणांनाही चाचणी आजारी ठरवेल. १०८ जणांच्या हाती ‘आजार आहे’ असा अहवाल पडेल आणि त्यांत खरोखर आजारी नऊच असतील. कोणतेही लक्षण नसताना हौसेने केलेल्या चाचण्या एवढा घोर का लावतात, ते या बेरीज-वजाबाकीत दिसते.

एचबीए१सी ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देते, आणि ६.५ टक्के किंवा अधिक आकडा मधुमेह सुचवतो. पण लोहाची कमतरता असेल तर तो फसवा वाढू शकतो, म्हणून तो हिमोग्लोबिनसोबत वाचावा.

८. डॉक्टरांकडे एकच पान न्या

अॅपमधून छापलेली चाळीस पाने कोणीही वाचत नाही. सुरुवातीला ठरवलेला प्रश्न, बदल सुरू झाल्याची तारीख, आठवड्यांच्या सरासऱ्या, चालू औषधे आणि तुम्हाला दिसलेला क्रम एवढे एका पानावर मांडावे. निदान स्वतः लिहून नेऊ नये. त्यामुळे संभाषण त्या एका नावाभोवती फिरत राहते. नोंदी अॅपमध्ये असतील तर ती माहिती कोणाला दिली जाते आणि खाते बंद केल्यावर ती पुसली जाते का, हे आधी तपासावे. मनःस्थितीच्या नोंदींसाठी मी तरी कागदाची वहीच पसंत करतो.

९. उपचारानंतर मोजण्याचे अंतर वाढवा

उपचार सुरू झाले की रोज आकडा पाहण्याचा मोह वाढतो, तरी प्रत्येक गोष्टीला तिचा वेळ लागतो. नैराश्यावरील औषधांचा पुरेसा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि अनेकदा झोप व भूक आधी सुधारतात, मन मागाहून. थायरॉइडच्या गोळीचे प्रमाण बदलल्यावर रक्तचाचणी सहसा सहा ते आठ आठवड्यांनी करतात. एचबीए१सी तीन महिन्यांनी. मधल्या काळात आकड्यांवरून औषध स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नये.

मोजण्यामुळेच काळजी वाढू लागली असेल तर तीही एक नोंद समजावी. झोपेचे आकडे सुधारण्याच्या ध्यासाने ज्यांची झोपच उडाली अशा रुग्णांचे वर्णन संशोधकांनी २०१७ मध्ये केले आहे. असे जाणवले तर रात्री घड्याळ काढून ठेवावे, काही आठवडे फक्त वही चालू ठेवावी, आणि घड्याळ पुन्हा घातलेच, तर सकाळी त्याचा आकडा पाहण्याआधी झोप कशी लागली हे स्वतःच्या शब्दांत लिहून काढावे.