कराटेचा ठोसा, ज्युदोची पकड: हात कसा वापरायचा

जूनमध्ये नवी बॅच सुरू झाली की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ज्युदो आणि कराटे एकच ना?" दोन्हीकडे पांढरा पोशाख, रंगीत पट्टे आणि वाकून नमस्कार. पोशाख आणि पट्टे तर कराटेने ज्युदोकडूनच घेतले. हाताचं काम मात्र दोन्हीकडे अगदी वेगळं आहे, म्हणून मी हातापासूनच सुरुवात करते.

कराटेत हात मारतो, तेव्हा आधी मूठ. चारही बोटं टोकापासून गुंडाळत आणा, नखं तळहातात घट्ट दाबा आणि अंगठा बाहेरून तर्जनी व मधल्या बोटावर आडवा बसवा. नवी मुलं हमखास अंगठा मुठीच्या आत घेतात. तसा ठोसा मारला तर अंगठाच दुखावतो. फटका बसायला हवा तो तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या दोन गाठींनी. करंगळीच्या बाजूने बसला तर तळहाताचं हाड मोडू शकतं. मनगट जराही वाकू देऊ नका. मी मुलांच्या हाताच्या पाठीवर फूटपट्टी ठेवून बघते. मूठ आणि मनगटापलीकडचा हात एका रेषेत असतील तर ती डगमगत नाही.

आता ठोसा. मूठ कमरेशी, बोटांची बाजू वर. कोपर बरगड्यांना घासत पुढे जाऊ द्या आणि मूठ अगदी शेवटी फिरवा. कोपर पूर्ण ताणून झटका देऊ नका, सांधा दुखतो. जोर खांद्यातून काढायचा नाही. तो मागच्या पायातून, कंबर वळवून येतो. आधी आरशासमोर सावकाश, मग जोडीदाराने धरलेल्या पॅडवर. भिंतीवर कधीच नाही. गवताची दोरी गुंडाळलेली फळी, म्हणजे माकिवारा, ही मोठ्यांची साधना आहे. वाढत्या वयाच्या हाडांसाठी ती नाही.

उघड्या हाताचेही फटके आहेत. शुतोमध्ये करंगळीकडची मांसल कड वापरतात, बोटं नव्हे. मुली आणि बायकांना स्वसंरक्षणासाठी मी सगळ्यात आधी शोतेई शिकवते: बोटं मागे ओढून मनगटाजवळच्या तळहाताच्या जाड भागाने सरळ धक्का. मूठ नीट वळायला महिने लागतात, हा फटका मात्र लवकर जमतो आणि बोटं शाबूत राहतात.

ज्युदोत हात पकडतो. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत जुजुत्सुपासून ज्युदो घडवला, तेव्हा हाताचे आघात काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली, यांच्यापुरते ठेवले. सराव आणि स्पर्धेत ते बंदच. म्हणूनच ज्युदोत जोडीदाराला पूर्ण ताकदीने फेकता येतं. एक हात बाहीवर, दुसरा कॉलरवर. बाहीचा हात असा वर ओढा की जणू मनगटावरच्या घड्याळात वेळ बघताय. समोरचा पायाच्या बोटांवर येतो, तोल जातो आणि मगच आत वळायचं. गुडघे वाकवून आपली कंबर त्याच्या पट्ट्याखाली न्या. कुस्तीतला धोबीपछाड पाहिलेल्याला सेओई नागे, म्हणजे खांद्यावरून फेकण्याचा हा डाव, लगेच कळतो. पण त्याआधी पडायला शिका: हनुवटी छातीशी आणि पूर्ण हाताने मॅटवर थाप.

गुणही तसेच मिळतात. ज्युदोत जोरात, वेगाने पाठीवर फेकलं किंवा 20 सेकंद दाबून धरलं की इप्पोन, म्हणजे पूर्ण गुण, लढत संपली. कराटे स्पर्धेत ठोशाला 1, धडावरच्या लाथेला 2, डोक्यावरच्या लाथेला 3 गुण, आणि फटक्यावर ताबा ठेवावाच लागतो.

तरी एक नातं मला फार मोलाचं वाटतं. ठोसा मारताना दुसरा हात कमरेशी मागे येतो, त्याला मुलं नुसती शोभा समजतात. मी त्या हातात जोडीदाराची बाही देते आणि ओढत ठोसा मारायला लावते. समोरचा ओढला जातो, ठोसा दुप्पट लागेल हे त्यांना तिथेच कळतं. ओकिनावाचे कराटेगुरू गिचिन फुनाकोशी यांनी 1922 मध्ये कानो यांच्याच निमंत्रणावरून त्यांच्या कोदोकान या ज्युदो शाळेत कराटे दाखवलं होतं. दोन्ही घरांची ये-जा जुनीच आहे.

मूल अंगाशी भिडून खेळणारं असेल तर ज्युदो, अंतर राखून चपळपणे खेळणारं असेल तर कराटे. ज्युदोचा क्लास निवडताना आधी हॉलमधली मॅट बघा. नुसत्या फरशीवर मुलं फेकत असतील तर तिथे नाव घालू नका.